मधकाकांचा ग्लास

मधकाकांच्या घरी कोणी नुसतं खोकलं, तरी त्याच्या हातात ग्लास यायचाच. लंडनमध्ये स्टॅनमोरला ते आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. हॉस्पिटलमधून रिटायर झालेले डॉक्टर. बायको गेलेली, मुलगी एडिनबराला. मध आणि व्हिनेगर मंद आचेवर उकळून ते बाटल्या भरून ठेवायचे आणि कोमट पाण्यात घालून द्यायचे. एका ग्रीक पेशंटनं त्यांना ते शिकवलं होतं. "ऑक्सिमेली म्हणतात याला. ग्रीकांचं पुरातन पन्हं समज!"

गणपतीत गाणाऱ्या आम्ही बायका आधी त्यांच्याकडे जाऊन यायचो. कोणी "काका, घसा मोकळा झाला हो," म्हटलं की ते संकोचायचे. "अगं, खोकला आपोआपच जातो, नाव माझं होतं," म्हणत आणखी एक बाटली द्यायचे.

ऐंशीच्या दशकातल्या एका जानेवारीत माझ्या घशासाठी दिलेली बाटली मी माझ्या चार वर्षांच्या मुलाला, रोहनलाच पाजली. सहाव्या दिवशी दुसरी मागायला गेले.

"अजून घसा धरलेलाच आहे तुझा?"

"माझा नाही काका, रोहनचा खोकला."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "किती दिवस? ताप?"

ते चपलांवरच बर्फातून आमच्याकडे आले, रोहनचा शर्ट वर करून आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "कोट घाल त्याला. मी गाडी काढतो."

न्यूमोनिया होता. रोहन नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होता. काका रोज येऊन बसायचे.

"चूक माझी आहे, काका," मी एकदा म्हटलं.

"नाही. डॉक्टर आहे हे विसरून मी सगळ्यांचा लाडका होत बसलो होतो."

त्यानंतर ते दारातच विचारायचे, किती दिवस, ताप आहे का, दम लागतो का. तीन दिवसांच्या वर खोकला असला की ग्लास नाही. सरळ सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन लावून द्यायचे. "काकांकडे हल्ली इंटरव्ह्यू असतो," म्हणत बायकांनी जाणं कमी केलं. काकांना ते लागलं असणार, पण प्रश्न काही त्यांनी सोडले नाहीत.

नव्वदच्या दशकात गुडघे थकले तेव्हा ते मुलीकडे एडिनबराला गेले. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. आधी रोहनची चौकशी, मग बाकीचं. रोहन माझ्याहून उंच झाला तरी हा क्रम बदलला नाही.

एका रविवारी फोन त्यांच्या मुलीचा आला. "रोहन कसा आहे?" तिनं विचारलं. मी बरा आहे म्हटलं.

"बाबांनी काल मला विचारून ठेवायला सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि मग तिला पुढे बोलवेना.