सिलिकाचे हिरवे खडे

दादा गेला त्या दुपारी माझे हात बर्फाच्या पाण्यात होते. अंबाजोगाईच्या कॉलेजात मी सिलिकावर पीएच.डी. करते. सिलिका म्हणजे वाळूतलाच पदार्थ. द्रावणातून जेलीसारखा गोठवून सावकाश वाळवला की काचेसारखे खडे मिळतात. त्यांच्या आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. नुसत्या सिलिकातून वीज जात नाही, म्हणून मी ते खडे अ‍ॅनिलिन नावाच्या रसायनाच्या द्रावणात मुरवून, बर्फात थंड ठेवून दुसरं रसायन घालून, त्या छिद्रांमध्येच वीज वाहणारं पॉलिमर तयार करते. बर्फ रसवंतीवाल्याकडून आणते.

दुसरं रसायन घातलं आणि वहिनीचा फोन आला.

"ताई, ह्यांच्या छातीत लई दुखायलंय. गाडीत घातलंय. तिकडंच आणायलोत."

मी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. गाडी आली तेव्हा दादाचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले.

आमचं नांदूरघाटचं किराणा दुकान दादा बारावीपासून सांभाळत होता. तो दुकानात बसला म्हणून मी शिकू शकले. आमच्या रीतीनं त्याला खड्ड्यात बसवून माती दिली. मीही मूठभर टाकली. कुणीतरी म्हणालं, "हिला रडवा गं." बायकांनी मला जवळ घेतलं, पण मला रडू आलं नाही.

दादाचे दिवस झाल्यावर वहिनी म्हणाली, "तुमी जावा कॉलेजला. इथं बसून काय करताव?"

प्रयोगशाळेत बीकर होता तसाच होता. बर्फाचं पाणी झालेलं, आतलं द्रावण काळपट. माझे गाइड सर म्हणाले, "टाकून दे ते. नवीन लाव." मी हो म्हटलं आणि खडे धुवायला घेतले. का, ते सांगता येणार नाही. हाताला सवय होती. वाळल्यावर ते गडद हिरवे दिसले. एकाला मीटरच्या तारा लावल्या. आकडा हलला आणि स्थिर राहिला.

"अगं, वाहतंय की," सर म्हणाले.

"हो सर."

आधीच्या कुठल्याच खड्यातून एवढी वीज गेली नव्हती. जास्त वेळ राहिल्यानं पॉलिमर आतपर्यंत भरलं असावं, असं सरांचं मत. मी मुद्दाम तसेच आणखी खडे केले. तेही चालले. थिसिसमध्ये त्यांना 'दीर्घकाळ मुरवलेले नमुने' म्हटलंय. ते टाइप करतानाही काही वाटलं नाही.

पुढं एकदा वहिनी मालाच्या खरेदीला अंबाजोगाईत आली, तेव्हा प्रयोगशाळेत डोकावली. मी तिच्या तळहातावर एक खडा ठेवला.

"ह्याच्यातून लाइट जाती?"

"थोडी."

तिनं खडा उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "दुकान उघडलंय मी. गिऱ्हाईक यायलंय."

"एकटीला जमतंय का?"

"जमवायलेय."

आम्ही कॅन्टीनला पोहे खाल्ले. मग तिची पोती रिक्षात चढवून मी तिच्यासोबत स्टँडपर्यंत गेले.