एका मिनिटाची डुलकी

ऑफिसात मला खुसपटताई म्हणतात. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे नाव काही खोटं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर काका बसायचे. ते तिथे कुणाचेच काका नव्हते, पण पंचविशीतल्या पोरापोरींमध्ये बसून सत्तेचाळिसाव्या वर्षी वेब ॲप लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

काकांची पद्धत जुनी. एक ओळ बदलली की सर्व्हर बंद करायचा, परत चालू करायचा, पान नव्याने उघडायचं आणि फॉर्म पहिल्यापासून भरायचा. सर्व्हर चालू व्हायला मिनिटभर लागायचं. तेवढ्यात काका डोळे मिटायचे. हनुवटी छातीवर, बोटं कीबोर्डवर. मिनिट संपलं की आपोआप जाग. दिवसातून चाळीसेक वेळा तरी. पोरं हसायची. मला हसू यायचं नाही, कारण मला त्यांच्या घरची परिस्थिती ठाऊक होती. त्यांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून तीन-चारदा उठून ते तिची कूस बदलायचे. दिवसा बायको दुकानात कामाला, ती साडेतीनला घरी यायची. म्हणून दुपारी एकच्या ठोक्याला काका उठायचे, दहा मिनिटं चालत घरी जायचे, आईची कूस बदलायचे, चार घास भरवायचे आणि दोनच्या आत परत यायचे. दोन वर्षांत हा नेम कधी चुकला नव्हता.

आमच्या मॅनेजरबाई काकांहून पंधरा वर्षांनी लहान. वाईट नव्हत्या, त्यांच्याही मागे वरून लकडा असायचा. एका सोमवारी त्या काकांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“काका, तुमचा स्पीड फार कमी पडतोय हो. शुक्रवारी दवाखान्याचे लोक बुकिंगचं ॲप बघायला येणार आहेत. तोवर पाचही स्क्रीन झाल्या नाहीत, तर तुम्हाला जुन्या सिस्टिमच्या टीममध्ये पाठवावं लागेल. तिकडे काम निवांत असतं.”

निवांत कसलं! ती टीम शहराच्या दुसऱ्या टोकाला, जायलाच दीड तास.

“मग दुपारी आईंकडे कोण बघणार?” त्या गेल्यावर मी विचारलं.

“तेच तर,” काका म्हणाले आणि सर्व्हर चालू करून त्यांनी डोळे मिटले.

मला राहवलं नाही. “अहो, उठा आधी. सगळं जग सेव्ह केलं की पुढच्या क्षणी बदल बघतं. तुम्हीच काय ते अजून बंद-चालू, बंद-चालू करत बसलाय. लाइव्ह अपडेट लावून घ्या की!”

मंगळवारची सकाळ त्यातच गेली. फायलींवर नजर ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. फाइल बदलली की तेवढाच तुकडा तो उघड्या पानात नेऊन बसवतो, भरलेला फॉर्मही पुसत नाही. काकांकडे मात्र घोडं कुठे पेंड खात होतं, ते कळेना. सेव्ह केलं तरी पान ढिम्म. शेवटी लक्षात आलं की काकांच्या फायली सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये होत्या आणि तिथले बदल या पहारेकऱ्याला कळतच नव्हते. मग दर अर्ध्या सेकंदाला स्वतः जाऊन बघून ये, असं त्याला बजावलं. काकांनी बटणाचा रंग बदलला, सेव्ह केलं, आणि पापणी लवायच्या आत बटण हिरवं झालं.

“अरेच्चा!” काका म्हणाले. दोन वर्षांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर कामाने वेग घेतला. बुधवारी दोन स्क्रीन झाल्या, गुरुवारी उरलेल्या. मंगळवार दुपारपासून काकांनी एकदाही डोळे मिटले नाहीत, कारण मिटायला सवडच उरली नव्हती. डोळे लालभडक आणि चेहरा ओढलेला. वेळ नको जायला म्हणून मीही त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच उघड्या पानावर सगळं तपासून दिलं. खुसपटताईला एक खुसपट सापडलं नाही!

शुक्रवारी बारा वाजता दवाखान्याचे दोघे आले. मॅनेजरबाईंनी स्वतःच्या लॅपटॉपवर ॲप उघडलं. स्क्रीन पांढरीफटक.

काय झालं ते आम्हा दोघांना त्याच क्षणी कळलं. मंगळवारी काकांनी पानावर एका डॉक्टरचं नाव निवडलं होतं. त्यानंतर ते पान रात्रीही कुणी बंद केलं नव्हतं की नव्याने उघडलं नव्हतं, त्यामुळे ते नाव तिथे तसंच राहिलं होतं. पाचही स्क्रीन त्या नावाच्या भरवशावर लिहिलेल्या. कोऱ्या पानावर नावच नाही, मग दिसणार काय? पूर्वीच्या पद्धतीत ही चूक पहिल्या मिनिटाला सापडली असती.

“किती वेळ लागेल?” मॅनेजरबाईंनी विचारलं.

“पाचही ठिकाणी बदलायला हवं. तासभर तरी.”

पाहुण्यांना चहा दिला गेला. काका एकेक स्क्रीन दुरुस्त करायचे, सर्व्हर बंद करून चालू करायचे, पान कोरं उघडून बघायचे. एक वाजला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“तुम्ही जा. मी सांगते बाईंना,” मी हळूच म्हटलं.

“आज गेलो, तर सोमवारपासून जाताच येणार नाही,” ते म्हणाले आणि चौथी स्क्रीन उघडली.

दोनला दहा मिनिटं कमी असताना ॲप चाललं. दवाखान्याच्या लोकांना पसंत पडलं. मॅनेजरबाई खुशीत होत्या.

“काका, तुम्ही इथेच राहायचं. आणि आता स्पीड आलाच आहे, तर सोमवारपासून दुसऱ्या ॲपच्याही दोन स्क्रीन घ्या.”

“घेतो,” म्हणत काका जवळजवळ पळतच निघाले.

मला बाईंचा संताप आला, आणि मग स्वतःचा. दुसऱ्याच्या चुका काढून जगणारी मी, एकदा, फक्त एकदा ते पान नव्याने उघडून बघितलं असतं तर?

सोमवारी काका वेळेवर आले. दोन नव्या स्क्रीनचे कागद टेबलावर येऊन पडलेलेच होते. आई कशा आहेत, मी विचारलं.

“शुक्रवारी गेलो तेव्हा अंथरूण ओलं होतं. माकडहाडाशी लाल चट्टा उठलाय. डॉक्टर म्हणाले, आता जपावं लागेल.”

“रागावल्या का?”

“नाही हो.” त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. “कूस बदलत होतो तर म्हणाली, तुझं काम आधी बघत जा रे, मी कुठे पळून चाललेय?”