चौकशी कोणाकडे

सडक्या लसणासारखा वास आला की मेडशीच्या अलीकडचं ते खासगी बियाणे संशोधन केंद्र आठवतं. मी बातमीसाठी गेलो होतो. आदल्या दिवशी तिथल्या गोदामात दोन मजूर बाया बेशुद्ध पडल्या होत्या. किडीसाठी त्याच वासाच्या विषारी वायूच्या गोळ्या ठेवून बंद केलेलं गोदाम मुदतीआधीच उघडलं गेलं होतं. शेजारच्या दुसऱ्या गोदामाच्या दारावर मुदतीची चिठ्ठी होती. तिच्यावरची तारीख अजून तीन दिवस पुढे होती. प्रमुखांच्या खोलीत चहा आला, कुलर घरघरत होता. चौकशी कोणाकडे द्यायची, एवढंच ठरायचं होतं. प्रमुख गोदाम अधिकाऱ्याला म्हणाले, ‘‘गोदामाची माहिती तुम्हालाच. तुम्हीच करा.’’ गोदाम उघडायला त्यानंच सांगितलं होतं. सगळे चहाकडे बघत राहिले. दारात उभी असलेली, मजूर बायांना कामावर आणणारी मुकादम म्हणाली, ‘‘सायेब, ज्यानं कुलूप काढाले लावलं तोच चौकशी करून राह्यला काय? मंग आमी कोणाले सांगाव?’’ ‘‘मग तुम्हीच करता का, बाई?’’ प्रमुख म्हणाले. सगळे हसले. अधिकाऱ्यानं वहीत चौकशीची तारीख टाकली आणि मान वर न करता तिला विचारलं, ‘‘उद्या किती बाया आणशीन? दुसरं गोदाम उघडाचं हाये.’’ ती म्हणाली, ‘‘सहा.’’ चौकशी सुरू झाल्याची बातमी मी दिली. तिच्यात एकही चूक नव्हती, हे आजही सांगू शकतो. त्या सहा बायांबद्दल मात्र काही लिहिलं नाही, कारण तोवर काही घडलेलं नव्हतं.