प्रार्थनेत केलेला आरोप

त्या वर्षी माझ्या शेतातले सोयाबीन उगवले नाही, एवढ्यापुरतेच आमच्या मंडळीतले लोक खरे बोलतात. त्यापुढची हकीकत प्रत्येकाने आपापल्या सोयीने रचली आहे. पाळक ती उपदेशात दृष्टान्त म्हणून सांगतात आणि त्यात माझ्या डोळ्यांतून अश्रू काढतात. गाव म्हणते, म्हाताऱ्याने देव बदलला म्हणून रान रुसले. मला दोन्ही मान्य नाही. म्हणून घडले ते मीच लिहून ठेवतो.

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजकीच. रविवारची उपासना माझ्या ओसरीवर भरते आणि तीस वर्षांत ती एकदाही चुकलेली नाही, हे मला सांगावे लागते, कारण दुसरे कुणी सांगत नाही. मृगाच्या आधीच्या रविवारी आमच्यात एक रीत आहे. ज्याने त्याने पेरणीचे बियाणे आणायचे, पोती उपासनेच्या टेबलापुढे ओळीने मांडायची आणि पाळकांनी त्यांवर हात ठेवून प्रार्थना करायची. त्या रविवारी माझ्या पोत्याशेजारी माझ्या बांधशेजाऱ्याचे पोते होते. तो आणि त्याची बायको दरसाल ऊसतोडीला जातात. दोन वर्षांपूर्वी दोघे ख्रिस्ती विश्वासात आले, आणि तेही माझ्याच साक्षीमुळे.

उपासना संपल्यावर त्याने मला विचारले, "बाबा, बी उगवतंय का बघितलं का तुमी? मी शंभर दाणे वल्ल्या बारदानात गुंडाळून ठिवले व्हते. चांगले फुटले."

"प्रार्थना झालेल्या बियाची परीक्षा घेतो? देवावर भरवसा न्हाई का बे तुझा?"

लोक हसले. तो शांतपणे म्हणाला, "देवावर हाय, बाबा. बियावर न्हाई."

आता लोक अधिक मोठ्याने हसले. ते हसणे मी लक्षात ठेवले.

पेरणीनंतर पंधरा दिवसांनी त्याच्या रानात हिरव्या ओळी उभ्या होत्या आणि माझे रान चट्टे पडल्यासारखे दिसत होते. पाऊस एकच, माती एकच, मध्ये फक्त बांध. कुणी म्हणाले, बाबांनी घाईत दुसऱ्याचे पोते उचलले असेल. मी पोते ओळखण्यात चुकत नाही. मी चुकलो नसेन, तर कुणीतरी मुद्दाम अदलाबदल केली असणार. एकदा एवढे ठरल्यावर पुरावे आपोआप सापडत गेले. त्या रविवारी तो सर्वांच्या आधी निघाला होता. पोते खांद्यावर घेताना त्याने एकदा मागे पाहिले होते. वाटेत भेटल्यावर त्याचा सलाम नेहमीपेक्षा हळू आला होता.

मी त्याला तोंडावर विचारले असते, तर त्याने उत्तर दिले असते. मी तसे केले नाही. पुढच्या रविवारी प्रार्थना चालवण्याची पाळी माझी होती. डोळे मिटून मी मोठ्याने म्हणालो, "प्रभू, तुझ्या टेबलापुढून ज्याने भावाचे बियाणे नेले, त्याला त्याच्या पेरणीसारखीच कापणी दे." प्रार्थना चालू असताना आमच्यात कुणी मध्ये बोलत नाही. सर्वांनी सवयीने आमेन म्हटले. माझ्या पोत्याशेजारी कुणाचे पोते होते, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच्या बायकोनेही म्हटले, आणि डोळे उघडल्यावर सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे तिला दिसले.

त्यानंतर ती दोघे उपासनेला आली नाहीत.

पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "दसरा झाला की ही माणसं कारखान्यावर जातील. तिथं सहा महिने त्यांना सांभाळायला कोणी नाही. अशी दुखावून गेली, तर विश्वासात परत येणार नाहीत."

"फुलं येऊ द्या," मी म्हणालो. माझ्या घरच्या बियाण्याला जांभळी फुले येतात. त्याच्या शेतात जांभळे फूल दिसले की चोरी सिद्ध होणार होती. मी रोज सकाळी बांधावर जाऊ लागलो. तो कोळपणी करीत असे, मला पाहत असे आणि पाठ फिरवीत असे.

फुले आली. पांढरी होती. माझा विश्वास बसला नाही. वाकून चार ओळी पाहिल्या. सगळी पांढरी.

घरी माझ्याच बियाण्याचे एक पोते शिल्लक होते, जे प्रार्थनेला नेलेच नव्हते. माझ्या पत्नीने त्यातले शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळले आणि काही दिवसांनी ते जेवताना माझ्या ताटाशेजारी उघडले. बहुतेक सगळे कुजले होते. गेल्या हंगामात मळणीच्या दिवशी आभाळ भरून आले म्हणून मीच मळणीयंत्राचा वेग वाढवायला लावला होता. दाणे आतून तडकले होते. तिने बारदान तसेच उघडे ठेवले आणि मला भाकरी वाढली. 

दुसऱ्या दिवशी मी बांध ओलांडून त्याच्या शेतात गेलो.

"फुलं मोजायला आलाव का?" त्याने विचारले.

"तुझं बी तुझंच हाय," मी म्हणालो. "रविवारी ये."

"कावून येऊ? तुमी इथं रानात सांगितलं, ते मला कळलं. तिथं माझी बायको चोराची बायको झाली, त्याचं काय? मोठ्यानं प्रार्थना केलती ना तुमी? मंग मोठ्यानंच करा."

मला राग आला. तो चूक बोलला असता, तर इतका आला नसता.

त्या रविवारी मी उभा राहिलो. पाळक सांगतात तसा माझा आवाज कापला नाही, आणि मी कुणाच्या गळ्यात पडलो नाही. मी म्हणालो, "प्रभू, बियाणे कुणीही नेले नव्हते. ते माझ्या हातून बिघडले आणि दोष मी भावावर टाकला. मी पेरले ते तू मला कापायला लावलेस. क्षमा कर." त्याची बायको आत भिंतीला टेकून बसली होती. तो ओसरीबाहेर उभा होता, पायांत चपला तशाच. प्रार्थना संपल्यावर त्याने चपला काढल्या आणि तो आत येऊन बसला. आमेन मात्र म्हणाला नाही.

मोकळ्या ओळींत मी तूर टोकली. ती बऱ्यापैकी आली. दसऱ्यानंतर ती दोघे कारखान्यावर गेली, उन्हाळ्यात परतली, आणि रविवारी आपल्या जागी येऊन बसली. पाळकांच्या दृष्टान्तात इथे सगळे गोड होते. प्रत्यक्षात, मी प्रार्थना चालवतो तेव्हा तो आजही डोळे मिटत नाही. मला ते ठाऊक आहे, कारण त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी मीही माझे थोडे उघडे ठेवतो.