पत्रूनं काढलेलं ठेकेदाराचं सोंग

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरे; त्या दिवशी दंडारीच्या नाचखेळात पत्रू ज्याचं सोंग काढायचा, त्याची धडगत नसे. वर्षभरात ज्यानं गावाचं वाईट केलं त्याची चाल, त्याचं खोकणं, सगळं हुबेहूब. बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी अडवून धरणाऱ्या जमीनदार मालगुजारालाही त्यानं सोडलं नव्हतं. गावची रीत अशी, की सोंग संपल्यावर त्या माणसानं उठून पत्रूला विडा द्यायचा. पत्रूनं विडा खाल्ला की गोष्ट मिटली. मग कुणी पुन्हा शब्द काढायचा नाही.

मालगुजारी गेली आणि जंगलाचा ठेकेदार गावात राहायला आला. छप्पन सालच्या दिवाळीआधी त्याच्या माणसांनी मोहाच्या झाडांवर तोडीचे शिक्के मारले. उन्हाळ्यात गाव मोहफुलं वेचून, विकून पोट भरे; मोह गेला तर कितीतरी चुली थंड राहणार होत्या.

पत्रू आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, यंदा ठेकेदाराचं सोंग. भर मंडईत लाज वाटली, तं झाडं सोडून देईल. सोंग पाहून मालगुजारानं बोडीचं पानी सोडलं होतं का नाई?"

"पत्रूभाऊ, तो आपल्या गावचा नाही."

"गावचं पानी पेते नं? मंग गावचाच."

मंडईत पत्रूची पाळी यायच्या आतच ठेकेदाराचा मुनशी दंडारवाल्यांत विड्यांचं तबक फिरवून गेला. पत्रूनं घेतला नाही. त्यानं ढोलकीवाल्या देवाजीकडे पाहिलं, तर देवाजीचे ओठ लाल.

"काऊन खाल्ला रे?"

"देल्ला, खाल्ला. आता मिटलं नं बाप्पा! मी नाई वाजवत."

"सोंग काढल्याबिगर कसं मिटलं?"

देवाजी खाली बघून चघळत राहिला.

पत्रू ढोलकीविनाच उतरला. धोतराचा सोगा धरून, मान तिरपी करून, झाडांवर शिक्के ठोकत चाललेला ठेकेदार त्यानं उभा केला. सोंगातच मोहफुलं वेचणाऱ्या म्हातारीला लाथेनं बाजूला सारलं. बायकांत कुणी हसलं नाही. शेजारी बसलेल्या सुगंधाबाईनं माझा दंड घट्ट धरला.

समोर खाटेवर बसलेला ठेकेदार मात्र हसत होता. मग तो टाळ्या वाजवू लागला, तालात. त्याच्या माणसांनी तो ताल उचलला, मग पोरांनी, मग सगळ्या मंडईनं. पत्रू थांबायला बघे, पण पाय त्याच तालावर पडत.

"वाह रे पत्रू! कटाई पे भी आना. मजूर खुश रहेंगे." ठेकेदार खाटेवरूनच ओरडला; विडा द्यायला उठला नाही.

पत्रू हात जोडून काहीतरी बोलला. टाळ्यांत ते कुणालाच ऐकू आलं नाही.