चार दिवस तोंड मिटून
लालबागच्या मसाला गल्लीतून जाताना लवंगेचा वास आला की मला परळचा तो दातांचा दवाखाना आठवतो. तिथेही असाच वास भरून असायचा. माझे दात आईसारखेच पुढे आलेले. ती जन्मभर तोंडाला पदर लावून हसली. मग ती अंथरुणाला खिळली आणि एकदा म्हणाली, "बाय, तुझे दात सरळ झालेले बघून जायचंय गं मला." तारा लावून दोन वर्षं लागणार होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिरडी उघडून हाडाला बारीक भोकं पाडली तर दात लवकर सरकतात, कदाचित निम्म्या वेळात होईल. मी लगेच हो म्हटलं. घरी आले ती सुजलेले गाल, हिरडीत टाके आणि चार दिवस बोलायचं नाही अशी ताकीद घेऊन. रोज दिवेलागणीला आईच्या उशाशी बसून बुद्धवंदना मीच म्हणायचे. ती ऐकल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. त्या संध्याकाळी मेणबत्ती लावून मी नुसतेच हात जोडले. औषधाच्या गुंगीत, डोळे मिटूनच तिने विचारलं, "म्हण ना गं, आज काय झालं तुला?" मी वंदना मनातल्या मनात म्हटली. वाटलं, चारच तर दिवस. तिसऱ्या दिवशी ती गेली. आता माझे दात सरळ आहेत. तिच्या फोटोसमोर रोज मोठ्याने वंदना म्हणते, आणि शेजारच्या काकू कौतुकाने म्हणतात, "किती स्वच्छ उच्चार गं तुझे!"