चांगुलपणाने झालेली धडक

“इंडिकेटर?” मी विचारलं.

बाइकवाल्याने मागे वळून पाहिलं. मी दुसऱ्याच कोणाशी बोलते आहे असं त्याला वाटलं असावं.

“भाऊ, तुम्हालाच विचारते आहे. आत्ता उजवीकडे वळलात. इंडिकेटर का नाही दिला?”

“मॅडमजी, मी रोज इथंच वळतो,” तो म्हणाला. “सगळ्याले मालूम हाय.”

आणि तो गेटमधून आत गेला. एक पाय हवेत लांब काढून.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. न सांगता वळणारा माणूस स्वार्थी असतो. अंगठ्याने एक बटण सरकवायचं असतं. पेट्रोल लागत नाही, टॅक्स लागत नाही. तरी तो ते करत नाही, कारण मागच्याचा जीव त्याच्या हिशेबातच नसतो. मी हे पत्रकात लिहिलं आहे, चौकात ओरडून सांगितलं आहे, आणि एकदा नागपूरच्या महाल भागातल्या एका लग्नात, नवरदेवाच्या मामालाही सुनावलं आहे.

मी रस्ता सुरक्षेचं काम करणाऱ्या एका लहान संस्थेत फील्ड ऑफिसर आहे. फील्ड ऑफिसर म्हणजे चमकणारं जॅकेट घालून उन्हात उभं राहायचं आणि लोकांना आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगायची. त्या आठवड्यात माझं फील्ड होतं सावनेर रोडवरून आत शिरलं की लागणारी एक मसाल्याची फॅक्टरी. तिखट, हळद, धने. तिथे गेटवर पोचलेला माणूस आधी शिंकतो, मग बोलतो.

गेट रस्त्याच्या उजव्या हाताला. आपण डावीकडून चालतो, म्हणजे आत जायचं तर प्रत्येकाला रस्ता ओलांडून वळावं लागतं. अशा जागेला आमच्याकडे कन्फ्लिक्ट पॉइंट म्हणतात. दोन गाड्यांच्या वाटा जिथे एकमेकींना कापतात ती जागा. महिन्यापूर्वी तिथे सुनंदाताईंची स्कूटी आणि मेंटेनन्समधल्या वासुदेवभाऊंची बाइक एकमेकींवर आदळल्या. सुनंदाताई पॅकिंगमध्ये आहेत. त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघून त्या नुकत्याच कामावर आल्या होत्या.

प्लँट मॅनेजर साठे सर पुण्याहून बदलून आलेले. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सरळ सांगितलं, “मला झिरो पाहिजे. शुक्रवारी मी स्वतः बघणार. एकही निअर मिस दिसला, तर सोमवारपासून टू-व्हीलर बंद. सगळे कंपनीच्या बसने येतील.”

निअर मिस म्हणजे थोडक्यात हुकलेला अपघात. कोणाला लागत नाही, फक्त शिव्या निघतात. हा शब्द मीच त्यांना शिकवला होता. पहिल्याच मीटिंगमध्ये. फार हौसेने.

कंपनीची बस सुटते बर्डीहून, म्हणजे शहराच्या मध्यातून. सुनंदाताई राहतात उलट बाजूला, फॅक्टरीच्याही पुढे, सावनेरच्या अलीकडच्या एका खेड्यात. सकाळी मुलीला शाळेत सोडून त्या तशाच स्कूटीने कामावर येतात.

“म्हंजे मी कंपनीपासूनच जाऊ, कंपनीले टाटा करू, बर्डीले उतरू, अन् बसमंदी बसून वापस कंपनीत येऊ?” त्या मला म्हणाल्या. “अन् पोरगी कोन सोडन शाळेत? साठे साहेब सोडन का? बस सुरू झाली का माही नोकरी गेली, मॅडम. लिहून घ्या.”

त्या तिखट भरत होत्या, त्यामुळे डोळ्यांत पाणी कशाचं होतं ते कळायला मार्ग नव्हता. पण मी मनावर घेतलं.

आधी पत्रक. ते मला येतं. मथळा दिला: ‘न सांगता वळणाऱ्या मारेकऱ्यांनो!’ आमच्या संस्थेच्या प्रमुख मेश्राम मॅडमना फोनवर वाचून दाखवलं.

“मारेकरी काढ,” त्या म्हणाल्या.

“का? खरंच आहे ते.”

“खरं हाय म्हणूनच काढ. क्लायंटचे लोक आहेत ते. अन् पयल्या शिफ्टवाल्याले सकाळी सकाळी मारेकरी म्हणशील तर चहा पाजतील का तुले?”

मी ‘बंधू-भगिनींनो’ केलं. मन मारून. गठ्ठा वाटला. दुपारी गेटच्या थोडं अलीकडच्या टपरीवर माझ्यापुढे आलूबोंडा आला, तो माझ्याच पत्रकावर. तेल शोषून कागद पारदर्शक झाला होता आणि त्यातून ‘थांबा! विचार करा!’ असं स्वच्छ दिसत होतं. मी थांबले नाही. भूक लागली होती.

मग कँटीनमध्ये ट्रेनिंग. मी फळ्यावर बाण काढले. विचारलं, “इंडिकेटर कशासाठी असतो?”

“लायसनच्या दिवशीसाठी,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

“सीरियसली विचारते आहे मी.”

“सीरियसलीच सांगून राहिलो, मॅडमजी,” एक लोडर उभा राहिला. “इंडिकेटर देल्ला का मागचा जास्तच जोरात येते. त्याले वाटते, हा वळायच्या आधी आपण निघून जाऊ. नाई देल्ला तर तो भेऊन राहते. कधी वळन काही नेम नाई म्हणून दूर राहते.”

मी फळ्यावरचा एक बाण पुसून पुन्हा काढला. हा माणूस चूक होता. पण नागपूरच्या रस्त्यावर तो बरोबर होता, आणि याचाच मला संताप आला.

“मी तर हात दावतो,” सुनंदाताई म्हणाल्या. “त्या दिवशी हातात डब्याची पिशवी होती. मंग काय, पिशवी दावू?”

“म्हणजे त्या दिवशी तुम्ही काहीच सिग्नल दिला नाही.”

“नाई देल्ला. मले काय मालूम, हा बुवा माह्या उजव्या अंगाले येऊन राहिला म्हणून!”

सगळ्यांनी वासुदेवभाऊंकडे बघितलं. मीही बघितलं. गेल्या चार दिवसांपासून मी याच माणसाची वाट बघत होते. पत्रकाला खलनायक लागतो. वळणाऱ्या गाडीला उजवीकडून ओव्हरटेक करणारा, हा तर हातात आयता सापडलेला.

“वासुदेवभाऊ, तुम्ही तिथे ओव्हरटेक का करत होतात? कुठे पोचायची घाई होती?”

वासुदेवभाऊ पन्नाशीचे. मान खाली घालून बसले होते. “घाई नोती, मॅडमजी. ताईचं स्टँड खाली होतं.”

“काय?”

“साइड स्टँड. टपरीपासून पायलं मी. म्हटलं बाई वळन अन् स्टँड अडकून पडन. म्हणून गाडी जोरात पिदाडत नेली, बाजूले गेलो, अन् म्हटलं, ‘ताई, स्टँड!’ तितक्यात ताई वळली.”

मग सुनंदाताई म्हणाल्या, “म्हंजे तू मले वाचवाले आला होता का गा?”

“हाव नं.”

“अन् माहा हात तोडला.”

“हाव.”

“तवा काहून नाई सांगतलं?”

“कसं सांगू बाप्पा? तुमी बोंबलून राहिल्या होत्या.”

कँटीन इतकं हसलं की आचारी बाहेर येऊन बघून गेला. मी खडू हातात धरून उभी होते. मी हसले नाही. मी विचार करत होते की याचं पत्रक कसं लिहायचं.

कारण हे मी पण पाहिलं आहे, तुम्हीही पाहिलं असेल. आपल्याकडचा माणूस स्वतः वळताना इंडिकेटर देणार नाही. सिग्नलला झेब्रावर चाक ठेवेल. म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू देणार नाही. पण तुमचं स्टँड खाली दिसलं, ओढणी चाकाजवळ लोंबकळताना दिसली, दिवसा हेडलाइट जळताना दिसला, की तो आपला रस्ता सोडून, सगळ्या गाड्या कापत तुमच्यापर्यंत येईल, सांगेल, आणि धन्यवादाची वाट न बघता निघून जाईल. त्याला सौजन्य नाही असं म्हणता येत नाही. ते आहे. भलत्या वेळी आहे, आणि भलत्या बाजूने येतं.

मी नियम केले. एक, टपरीपासून इंडिकेटर. दोन, काही दिसलं तरी चालत्या गाडीच्या शेजारी जायचं नाही. गेटच्या आत उभं राहून सांगायचं. सगळ्यांनी “हाव जी” म्हटलं. वासुदेवभाऊंनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

शुक्रवारी सकाळी साठे सरांनी मला स्वतःच्या कारमध्ये बसवलं. “मी लोकांसारखाच येतो, तू ऑब्झर्व्ह कर,” म्हणाले. कार नवी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

आणि काय सांगू, लोक सुधारले होते. समोरच्या बाइकने टपरीपाशी इंडिकेटर दिला. तिच्या पुढच्यानेही. पुढे सुनंदाताईंची स्कूटी होती, तीही लुकलुकत होती. माझा ऊर भरून आला. साठे सर म्हणाले, “गुड. आता मी देतो,” आणि त्यांनी अगदी पुस्तकातल्यासारखा, बराच आधी उजवा इंडिकेटर दिला. टपरी यायलाही वेळ होता. मी म्हटलं, “परफेक्ट, सर.”

टपरी गेली. गेट आलं. सरांनी स्टिअरिंग फिरवलं. आणि उजव्या काचेला लागून एक बाइक उगवली. एका हाताने हँडल धरून, दुसऱ्या हाताची बोटं मिटत-उघडत वासुदेवभाऊ जीव तोडून ओरडत होते.

“साहेब! इंडिकेटर! चालू राह्यलं तुमचं!”

सरांनी असा ब्रेक मारला की माझं डोकं डॅशबोर्डपर्यंत जाऊन आलं. बाइक कारच्या नाकासमोरून सुटली, गेटच्या खांबाला वळसा घालून थांबली. मध्ये एखादं पत्रक सरकवता आलं असतं, इतकंच अंतर होतं.

साठे सरांनी काच खाली केली. “मला वळायचं होतं!”

“अस्सं होय?” वासुदेवभाऊ म्हणाले. “तितक्या दुरून कोण देते, साहेब? म्हटलं भुलले. बॅटरी उतरन.”

“तुम्हाला काय शिकवलं होतं?” मी खिडकीतून ओरडले.

“ते टू-व्हीलरचं होतं नं, मॅडमजी. ही तर कार हाय.”

सगळी शिफ्ट गेटवर गोळा झाली. साठे सर उतरले. चेहरा त्यांच्याच कारखान्यातल्या मालासारखा लाल. “संपलं,” ते म्हणाले. “निअर मिस. माझ्या डोळ्यांसमोर. सोमवारपासून—”

“साहेब,” सुनंदाताई पुढे आल्या. प्लास्टर निघालेला हात दुसऱ्या हाताने धरून. “ज्याची गाडी निअर मिसमंदी सापडली, त्याची गाडी बंद, असंच हाय नं?”

“सगळ्यांच्याच बंद.”

“मंग तुमची बी आली. टक्कर तर तुमच्या गाडीची होऊन राहिली होती. आमी समदे तर इंडिकेटर देऊन आत आलो. तुमी बी बर्डीहून बसनं या. सीट मी धरून ठेवतो.”

कोणी हसलं नाही. म्हणजे तोंडाने हसलं नाही. साठे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची कन्सल्टंट होते, त्यांना वाचवणं माझं काम होतं. मी म्हटलं, “टेक्निकली, सर, ताईंचं बरोबर आहे.”

सर कारच्या बंपरपर्यंत जाऊन आले. मग त्यांनी वॉचमनला विचारलं, “या फॅक्टरीला दुसरं गेट नाही का?”

“हाय नं साहेब. मांगच्या रोडवर. डाव्या हाताले पडते.”

“डावीकडे? मग बंद का आहे?”

“तिथं मालाखाली ठेवाचे लाकडी पॅलेट ठेवून हायत. पयल्यापासून.”

“उचला.”

दुपारपर्यंत पॅलेट उचलले गेले. डावीकडे वळायला कोणाची वाट कापावी लागत नाही. कन्फ्लिक्ट पॉइंट आपोआप मिटतो. हे मला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी आठवडाभर त्या गेटपाशी माणसांचे अंगठे बघत उभी होते, कंपाउंडला एक चक्कर मारली नव्हती. बसचा विषय पुन्हा निघाला नाही. वासुदेवभाऊंना मेमो मिळाला आणि त्याच दिवशी सुनंदाताईंकडून डब्यातली पाटोडी.

सोमवारी मी मागच्या गेटवर गेले. सुनंदाताई आल्या. डावा इंडिकेटर दिला, वळल्या, आत गेल्या, शेडमध्ये गाडी लावायला निघाल्या. इंडिकेटर तसाच लुकलुकत होता. मी माझ्या नकळत धावत सुटले, दोन बाइकच्या मधून, जॅकेट फडफडवत.

“ताई! इंडिकेटर!”

मागून एका बाइकवाल्याने कचकचून ब्रेक दाबला. “ओ मॅडमजी,” तो ओरडला, “धावाच्या आधी हात तरी दावा!”

माणूस सुधारायला वेळ लागतो, हे मी आता मान्य करते. ज्यांच्यावर आपण पत्रकं काढतो त्यांनाही, आणि जे काढतात त्यांनाही. तोवर गेट डाव्या हाताला असलेलं बरं.